पाळकांच्या नावाने पैसे मागणारा मेसेज: मंडळीने काय करावं?

जय ख्रिस्त, ताई.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तुमच्या मंडळीत साधारण दीडशे कुटुंबं आहेत. गेल्या महिन्यात पाळकसाहेबांचा फोटो लावलेल्या एका अनोळखी नंबरवरून काही सभासदांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: मी मीटिंगमध्ये आहे, बोलता येणार नाही, आपला एक बंधू हॉस्पिटलात आहे, लगेच पंधरा हजार पाठवा, संध्याकाळी परत करतो. दोन आज्यांनी पैसे पाठवले. आता कमिटी विचारते आहे की कोणता अँटिव्हायरस विकत घ्यावा, आणि यूट्यूब चॅनल, फेसबुक पेज, दानाचा क्यूआर कोड हे सगळं बंद करून टाकावं का.

आधी त्या दोन आज्यांबद्दल. त्यांनी अजून तक्रार केली नसेल तर आजच करायला लावा. 1930 हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. त्यावर फोन करायचा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरायची. व्यवहाराचा नंबर, बँकेचा एसएमएस आणि त्या मेसेजचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. चॅट डिलीट करू नका. पुष्कळ जण शरमेपायी तेच आधी करतात. 1930 वर तक्रार नोंदली की ती बँकांपर्यंत जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे शिल्लक असतील तर ते गोठवता येतात. गोठवलेली रक्कम पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवतात, त्यामुळे पहिल्या एक-दोन तासांत केलेल्या तक्रारीला सगळ्यात जास्त अर्थ असतो. महिना उलटल्यावर आशा कमी, हे त्यांना खरं सांगा. पण तक्रार असली तर तो नंबर आणि ते खातं तपासात येतं, म्हणून ती करायचीच. आणि "तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा" असा फोन त्यांना येऊ शकतो. तीही फसवणूकच असते. एकदा फसलेल्या माणसांचे नंबर चोरांमध्ये फिरतात.

त्यांना मंडळीत कोणी वेडं ठरवत असेल तर ते कमिटीने थांबवायला हवं. हे मी दयेपोटी म्हणत नाही, सुरक्षेसाठी म्हणतो. फसलेल्या बाईला चारचौघांत बोल लावला, की पुढच्या वेळी फसलेली माणसं गप्प राहतात आणि आपल्याला कळतं तेव्हा दहा जणांचे पैसे गेलेले असतात. त्या आज्यांनी आजारी बंधूसाठी पैसे पाठवले. शिकवलेलं होतं तसंच त्या वागल्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे. बंद काहीही करू नका. अँटिव्हायरसवरही खर्च करू नका, कारण त्याने हे थांबलं नसतं. कोणाच्याही फोनमध्ये काही घुसलेलं नाही. चोराने तीन गोष्टी जमवल्या: पाळकांचा फोटो, जो चर्चच्या पेजवर आहे, सभासदांचे नंबर, जे बहुधा एखाद्या ग्रुपमधून मिळाले, आणि पाळकांनी काही मागितलं तर विचारायचं नसतं, ही आपली सवय. फोटो आणि नंबर थोडेफार लपवता येतात. खरं काम तिसऱ्या गोष्टीवर करायचं आहे.

हा प्रकार आपल्याकडेच होतो असं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेने, 2019 मध्ये याच फसवणुकीबद्दल खास चर्चला जाणाऱ्यांना सावध केलं होतं. तिकडे पाळकांच्या नावाने गिफ्ट कार्डं मागत होते, आपल्याकडे यूपीआय मागतात. मजकूर मात्र तोच असतो: घाई आहे, मी बोलू शकत नाही, कोणाला सांगू नका. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की समोर कोणीही असो, थांबायचं.

म्हणून पहिला नियम असा करा: आपले पाळक कोणाकडेही मेसेजवरून पैसे मागणार नाहीत. स्वतःसाठी नाही, आजाऱ्यासाठी नाही, बांधकामासाठी नाही. मदत गोळा करायची तर ती उपासनेत जाहीर होईल आणि मंडळीच्या खात्यातच येईल. हा नियम पाळकसाहेबांनी स्वतः, व्यासपीठावरून, तीन-चार रविवार लागोपाठ सांगायला हवा. ग्रुपवर टाकून भागत नाही, कारण ज्यांना तो सर्वात जास्त लागतो ते ग्रुपवरचं नीट वाचत नाहीत. सांगताना पाळकांनी आणखी एक वाक्य म्हणावं: माझ्या नावाने काही आलं तर माझ्या जुन्या नंबरवर फोन करा, मला राग येणार नाही, रात्री अकराला केलात तरी येणार नाही. हे वाक्य फार मोलाचं आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना "पाळकांना उलट विचारणं" हा अपमान वाटतो, आणि चोराचं सगळं काम त्या संकोचावर चालतं. परवानगी पाळकांकडूनच आली की संकोच सुटतो.

उलट फोन करायचा तो आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. फोनवरचा आवाज ओळखीचा वाटला तरी एवढ्यावर विश्वास ठेवू नये, हेही आता सांगावं लागतं. थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून माणसाच्या आवाजाची नक्कल करणारी साधनं सहज मिळतात, आणि आपल्या पाळकांचे तासातासाचे संदेश यूट्यूबवर आहेत. संदेश काढून टाकायचे नाहीत. अनोळखी नंबरवरून तो आवाज आला तर फोन ठेवायचा आणि आपण स्वतः जुना नंबर लावायचा, एवढं पुरतं.

आता थोडं मोठ्या रकमांबद्दल, कारण तुमच्या मंडळीत सभागृहाचं काम चालू असल्याचं तुम्ही लिहिलं आहे, आणि माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ब्रन्सविक इथे सेंट अँब्रोज नावाचं कॅथलिक धर्मग्राम आहे. 2019 मध्ये त्यांच्या चर्चच्या दुरुस्तीचं काम चालू होतं. चोरांनी तिथल्या कर्मचाऱ्यांच्या ईमेल खात्यांत शिरकाव केला, कंत्राटदाराशी चाललेला पत्रव्यवहार वाचला आणि मग "कंत्राटदाराने बँक बदलली आहे, यापुढे या नव्या खात्यात पैसे भरा" असं त्यांना पटवून दिलं. पैसे गेले. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात खऱ्या कंत्राटदाराने फोन करून विचारलं की दोन महिन्यांचं बिल का थकलं आहे, तेव्हा उलगडा झाला. रक्कम होती सुमारे 17 लाख 50 हजार डॉलर.

तिथे कोणाची नियत खोटी नव्हती. बिल खरं होतं, काम खरं होतं, कंत्राटदार खरा होता, फक्त खाते क्रमांक बदललेला होता. तुमच्याकडे रक्कम लहान असेल, पण पद्धत हीच चालेल. सिमेंटवाल्याचा, फॅब्रिकेशनवाल्याचा, साउंड सिस्टीमवाल्याचा "आमचा अकाउंट नंबर बदललाय" असा मेसेज आला की त्या दिवशी पैसे पाठवायचेच नाहीत. जुन्या नंबरवर फोन करायचा, शक्य असेल तर दुकानात जाऊन विचारायचं आणि मगच नवं खातं जोडायचं. एप्रिल 2025 पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना, पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी दिली आहे. यूपीआयमध्येही नाव दिसतं. ते वाचा. बिल एका ट्रेडर्सच्या नावाचं आणि स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव, असं झालं तर थांबा.

दुसरा नियम: मंडळीच्या खात्यातून एकट्या माणसाच्या हातून रुपयाही जाऊ नये. चेकवर दोन सह्या आपण वर्षानुवर्षं घेतो. नेटबँकिंग आल्यावर मात्र बहुतेक मंडळ्यांनी पासवर्ड खजिनदारांच्या हातात दिला आणि दुसरी सही नकळत गेली. बँकेत जाऊन सांगा की ट्रस्टच्या खात्याला एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं अशी व्यवस्था हवी. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. ती मिळेपर्यंत नेटबँकिंग फक्त बघण्यापुरतं ठेवा आणि पैसे चेकने द्या. एसएमएस खजिनदारांबरोबर आणखी एका पदाधिकाऱ्याच्या नंबरवरही यायला हवेत.

यावर कमिटीत हमखास कोणीतरी म्हणतं, आमच्या खजिनदारांवर तुमचा विश्वास नाही का? अशा वेळी मी करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय उघडायला सांगतो. यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठी गोळा केलेलं दान पोहोचवायला पौल तीताला एकट्याला पाठवत नाही. मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू त्याच्याबरोबर देतो आणि कारणही लिहितो: या देणगीच्या बाबतीत कोणाला आमच्यावर दोष ठेवता येऊ नये. पौलाचा तीतावर अविश्वास नव्हता. दुसरा माणूस असला की खजिनदारही सुरक्षित राहतात. उद्या त्यांच्याच फोनमध्ये कोणी शिरलं तर दुसऱ्याच्या मंजुरीशिवाय पैसे हलणार नाहीत आणि त्यांच्यावर ठपकाही येणार नाही.

दानाचा क्यूआर कोड बंद करायची गरज नाही, पण तो कोणाच्या खात्याचा आहे ते आधी पाहा. पुष्कळ छोट्या मंडळ्यांत तो पाळकांच्या किंवा तरुण संघातल्या एखाद्या उत्साही मुलाच्या खाजगी खात्याचा असतो, कारण कोविडच्या काळात घाईत तोच सापडला. तो मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या खात्याचाच हवा. स्कॅन केल्यावर नाव काय येतं ते फलकावर छापा: "पैसे पाठवण्याआधी हे नाव दिसतं का बघा". फलक आत, दानपेटीजवळ, सेवकांच्या नजरेसमोर ठेवा. फाटकावर नको. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोमध्ये दुकानांबाहेरच्या कोडवर रातोरात दुसरे कोड चिकटवल्याचं उघड झालं होतं. दर रविवारी उपासनेआधी एका सेवकाने स्वतःच्या फोनने कोड स्कॅन करून नाव तपासावं.

बद्रीनाथ आणि केदारनाथची 2023 मधली गोष्ट कमिटीला जरूर सांगा. तिथे मंदिर परिसरात दानाचे क्यूआर कोडचे फलक दिसले. मंदिर समितीने आपण ते लावले नाहीत असं सांगून पोलिसांत तक्रार केली. पुढे चौकशीत बाहेर आलं की 2018 मध्ये पेटीएमबरोबर झालेल्या कराराखाली ते लागलेले होते. म्हणजे संस्थेच्या नावाने पैसे कुठे कुठे जमा होतात, हे संस्थेलाच पटकन सांगता आलं नाही. तुमच्या कमिटीने एका वहीत लिहून ठेवावं: मंडळीची खाती कोणती, कोड कोणते, ते कुठे कुठे लावलेत, कोणत्या पत्रिकेवर छापलेत. हार्वेस्टच्या (सुगीच्या सणाच्या) पत्रिकेवर तीन वर्षांपूर्वीचा कोड अजून फिरत असेल तर तोही.

परदेशातून येणाऱ्या ईमेलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ग्रामीण मंडळ्यांना त्याचा फार त्रास आहे. "आम्ही अमुक मिशन, तुमच्या सेवेसाठी मोठी देणगी पाठवायची आहे" असं छान भाषेत, वचनांसह पत्र येतं. मग कस्टमची फी, बँकेची फी, प्रमाणपत्राची फी. अलीकडे दुसरा प्रकारही आहे: तुमच्या खात्यात पाच लाख टाकतो, पन्नास हजार ठेवा, बाकीचे या खात्यात पुढे पाठवा. त्यातले पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचे असतात आणि मग पोलीस मंडळीच्या दारात येतात, खातं गोठतं, पाळकांचा पगार अडकतो. यावर उत्तर सोपं आहे. परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर मंडळीला परदेशी देणगी घेताच येत नाही, आणि नोंदणी असली तरी 2021 पासून ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. म्हणून "तुमचा इथला खाते नंबर द्या, डॉलर पाठवतो" हे पत्र खोटं असलं तरी नको, आणि खरं असलं तरी नको.

आता व्हॉट्सअ‍ॅप. तुमच्या बाबतीत चोराने नवा नंबर वापरला. याहून वाईट म्हणजे पाळकांचं खरं खातंच ताब्यात घेणं, कारण मग दिसणारा नंबर आणि आधीच्या गप्पा दोन्ही खऱ्या असतात. हे बहुधा व्हॉट्सअ‍ॅपच्या नोंदणीचा, एसएमएसने येणारा सहा आकडी कोड मागून होतं: "चुकून माझा कोड तुमच्याकडे आलाय, सांगता का?" असं विचारणारा आपलाच एखादा ओळखीचा असतो, ज्याचं खातं आधी गेलेलं असतं. दुसरी वाट म्हणजे एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. लग्नपत्रिका, वाहतुकीचा दंड, बँकेचं केवायसी अशा नावाने ती येते आणि उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले एसएमएस चोराला दिसू लागतात. नाव कितीही गोड असो, शेवटी एपीके लिहिलेलं दिसलं की हात लावायचा नाही. लग्नपत्रिका ही फोटो किंवा पीडीएफच असते.

उपाय दोन मिनिटांचा आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन, तिथे स्वतःचा सहा आकडी पिन ठेवायचा आणि ईमेलही जोडायचा. मग नुसता एसएमएसचा कोड मिळून चोराचं काम होत नाही. लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर तो काढून टाकायचा. खातं गेलंच, तर आपल्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा टाकून आपल्या नंबरने नोंदणी करायची. एसएमएसने आलेला कोड आपण भरला की चोर बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर आपल्याला आत जायला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही त्या काळात आत नसतो. त्या दरम्यान मंडळीला कळवायचं काम दुसऱ्या अ‍ॅडमिनने करायचं, म्हणून प्रत्येक ग्रुपला किमान दोन अ‍ॅडमिन हवेतच.

मंडळीच्या ग्रुपची आमंत्रण लिंक फेसबुकवर किंवा पत्रिकेवर टाकलेली असेल तर ती रीसेट करा. त्या लिंकवरून कोणीही आत येतो आणि दीडशे घरांचे नंबर एका झटक्यात घेऊन जातो. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे हेच झालं असावं. नवा सभासद अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच यावा अशी सेटिंग आहे, ती चालू करा. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा, तिथे फक्त अ‍ॅडमिन लिहितील. सोडून गेलेले, वारलेले, नंबर बदललेले सभासद वर्षातून एकदा नावं वाचून काढून टाका. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, आणि मग एखादं अनोळखी माणूस आपल्या प्रार्थना विनंत्या वाचत बसतं.

प्रार्थना विनंत्यांवर जरा थांबतो, कारण पैशांइतकंच मला याचं वाटतं. "अमक्या भगिनीला कॅन्सर निघालाय, दुसरी केमो मंगळवारी", "अमक्या घरात नवरा-बायकोचा वाद कोर्टात गेलाय", "अमक्याची मुलगी आठवडाभर हॉस्टेलवर एकटी आहे". हे आपण प्रेमाने लिहितो. पण चोराला यातच खरी वाटेल अशी गोष्ट रचायला सगळा माल मिळतो, आणि त्या कुटुंबाची परवानगी बहुतेक वेळा कोणी विचारलेली नसते. ग्रुपवर फक्त नाव आणि "प्रार्थनेची गरज आहे" एवढंच लिहावं. तपशील प्रार्थनेला प्रत्यक्ष जमलेल्यांत बोलावा. शब्बाथशाळेच्या मुलांचे फोटो नावासह, शाळेच्या गणवेशासह उघड पेजवर टाकू नका, आणि टाकण्याआधी आईवडिलांची लेखी संमती घ्या. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर 2025 मध्ये आलेले त्याचे नियम अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतात. कायदा पूर्णपणे लागू व्हायला अजून वेळ आहे, पण आपण मुलांसाठी कायद्याची वाट का पाहायची?

ऑनलाइन प्रार्थनासभेचं थोडक्यात. मे 2020 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट पॉलस लूथरन चर्चच्या बायबल अभ्यासात, जिथे बहुतेक ज्येष्ठ मंडळी होती, एका घुसखोराने अत्यंत घाणेरडी दृश्यं दाखवली. प्रकरण न्यायालयात गेलं. झूमला वेटिंग रूम चालू ठेवा, स्क्रीन दाखवण्याचा अधिकार फक्त होस्टला द्या, लिंक उघड पेजवर टाकू नका.

यूट्यूब, फेसबुक आणि ईमेल यांत धोका वेगळा आहे: ती खाती मंडळीची नसतातच. चॅनल एका मुलाने आपल्या खाजगी जीमेलवर उघडलेलं असतं, तो नोकरीला पुण्याला किंवा दुबईला जातो आणि काही वर्षांचे संदेश, नाताळचे कार्यक्रम, अंत्यविधींची चित्रणं सगळी त्याच्या एका पासवर्डवर टांगलेली राहतात. मंडळीच्या नावाचं एक जीमेल काढा, चॅनलची मालकी त्याच्याकडे घ्या. मुलांना पासवर्ड देऊ नका. यूट्यूबमध्ये परवानग्यांची सोय आहे, तिथून त्यांना मॅनेजर किंवा एडिटर करता येतं आणि ते आपापल्या खात्याने काम करतात. फेसबुक पेजलाही तसंच. जीमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते छापून पाकिटात घाला, पाकीट सीलबंद करून बाप्तिस्म्याच्या रजिस्टरांच्या कपाटात ठेवा. वर्षातून एकदा जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, आपले मेल कोणा अनोळखी पत्त्यावर आपोआप पुढे जात नाहीत ना. चोर आत शिरला की हे करून ठेवतो, आणि पासवर्ड बदलला तरी वाचत राहतो.

"तुमचं पेज कॉपीराइटमुळे चोवीस तासांत बंद होणार, इथे क्लिक करा" असे मेसेज पेजवर येतात. गीतांचं प्रक्षेपण करणाऱ्या चर्चना ते खरे वाटतात, कारण कॉपीराइटच्या नोटिसा त्यांना कधीमधी खरोखर आलेल्या असतात. लिंक न दाबता स्वतः यूट्यूब स्टुडिओ किंवा फेसबुक उघडून पाहायचं. खरी नोटीस तिथे दिसतेच. बँकांचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांची संकेतस्थळं आता डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर आली आहेत, तेव्हा पत्त्याचा शेवट वाचायची सवय लावा.

ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी फार लिहीत नाही. विंडोज 10 ला कंपनीचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीनवर विंडोज 11 चालत असेल तर त्यावर न्या, नाहीतर बँकेचं काम त्यावर करू नका. विंडोजमध्ये असलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस तुम्हाला पुरेसा आहे, तो चालू आणि अद्ययावत ठेवा. चोरीचं कोरलड्रॉ आणि गाण्यांच्या स्लाइडचं "क्रॅक" केलेलं सॉफ्टवेअर काढून टाका, कारण बहुतेक व्हायरस त्याच वाटेने आलेले मी पाहिलेत. गीतांसाठी ओपनएलपी आणि पत्रांसाठी लिब्रेऑफिस फुकट आणि कायदेशीर मिळतं.

रजिस्टरांची मात्र काळजी घ्या. तुमच्या भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासून आहे. जुन्या मंडळ्यांकडे असलेले बाप्तिस्म्याचे आणि विवाहाचे उतारे कित्येक कुटुंबांच्या जन्माचा, वारसाचा एकमेव पुरावा आहेत. ती पानं स्कॅन करून एक प्रत मंडळीच्या गूगल ड्राइव्हवर ठेवा, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवायची, कॉम्प्युटरला जोडून ठेवायची नाही. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेली डिस्कही सोडत नाही.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी तरुण संघाकडून एक काम करून घ्या. महिन्यातल्या एका रविवारी उपासनेनंतर मुलांनी त्यांच्याजवळ बसावं, व्हॉट्सअ‍ॅपचा पिन लावून द्यावा, 1930 हा नंबर आणि पाळकांचा नंबर फोनमध्ये जतन करावा. पिन टाकताना मुलांनी मान वळवायची आणि बँकेच्या अ‍ॅपला हात लावायचा नाही, हा नियम मुलांसाठीही आहे. त्याच वेळी दोन वाक्यं सांगायची: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर पोलीस कोणाला अटक करत नाहीत, "डिजिटल अटक" असं काही कायद्यात नाही. मुलं बाहेरगावी आणि घरात एकटी असलेली आजी अशा कॉलवर तासन् तास फोन धरून बसते, कारण "फोन ठेवलात तर मुलाला पकडू" असं सांगितलेलं असतं. तिला हे आधी आपल्या माणसाकडून ऐकलेलं असलं तर ती फोन ठेवते.

पैसे गेले नाहीत पण संशयास्पद कॉल किंवा मेसेज आला, तर संचार साथी संकेतस्थळावरच्या चक्षू या सोयीत तो नंबर कळवता येतो. पाळकांचा फोटो लावलेला तो नंबर अजून चालू असेल तर तिथेही कळवा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जितक्या सभासदांना तो मेसेज आला तितक्यांनी रिपोर्ट करा.

शेवटची गोष्ट बदलीची. पाळकांची बदली होते, कमिटीची मुदत संपते, आणि हिशेबाच्या वह्यांबरोबर पासवर्ड मात्र हस्तांतरित होत नाहीत. चार्ज देण्याघेण्याच्या कागदात एक पान याचं जोडा: बँकेतल्या सह्या आणि एसएमएसचे नंबर, जीमेल आणि त्याला जोडलेला मोबाइल, यूट्यूब-फेसबुकच्या परवानग्या, ग्रुपचे अ‍ॅडमिन, क्यूआर कोडचं खातं. जुन्यांनी सही करून सोडायचं, नव्यांनी त्याच दिवशी पासवर्ड बदलून सही करून घ्यायचं. मंडळीचा मोबाइल नंबर कोणा व्यक्तीच्या नावावर न ठेवता ट्रस्टच्या नावावर घ्या आणि त्याचं रिचार्ज चुकू देऊ नका, कारण सगळे कोड त्याच नंबरवर येतात. तुमच्याकडे येत्या वर्षात कमिटीची निवडणूक असेल, तर हे पान त्याआधीच तयार करायला घ्या. नमुना लागला तर कळवा, मी करून पाठवतो.